दगडाबाईची मऊ उसळ

आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून तिसरीला कुणाची दृष्ट लागू नये यासाठी आईबापांनी तिचं नाव ठेवलं दगडा. त्यांना काय ठाऊक, की ही पोर पुढं मऊ उसळीसाठी नावाजली जाईल. न्हावऱ्याच्या अलीकडे, ऊस आणि कांद्याच्या रानांत पन्नास-साठ उंबऱ्यांची एक वाडी आहे. तिथल्या शाळेत दगडाबाई एकोणीस वर्षं पोरांचा पोषण आहार शिजवत होती. मटकी, मूग, चवळी, वाटाणा, हरभरा. सरकारनं जे पोतं पाठवावं ते हिनं शिजवून दाखवावं. पोरं ताट चाटूनपुसून उठायची. तपासणीला नेमके जेवणाच्या वेळी पोचणारे साहेबलोकही तिच्या उसळीला नाक मुरडत नसत, आणि साहेबलोकांना खूश करणं किती अवघड असतं ते गुरुजींनाच विचारावं.

ह्या मऊपणाचं गुपित आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. वाडीचं पाणी बोअरचं, जड आणि मचूळ. तांब्या चार दिवस घासला नाही तर आतून पांढरा थर धरतो. त्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, हरभऱ्याचं तर नावच काढू नये. म्हणून वाडीत प्रत्येक चुलीजवळ तिखट-हळदीच्या शेजारी खायच्या सोड्याचाही डबा असतो. नवी सून घरात आली की सासू तिला आधी देव दाखवते आणि लगोलग सोड्याचा डबा. दगडाबाईलाही सासूनं तसाच दाखवला होता, "चिमूटभरच टाकायचा" असं बजावून. पण शाळेत ऐंशी पोरांची उसळ, बाराची घंटा आणि पुरवून वापरायचा गॅस. चिमटीचा चमचा कधी झाला ते तिचं तिलाही कळलं नाही. सोड्यानं चव मरते, मग मीठमसाला जरा चढा घालायचा, हेही ओघानं आलंच.

एकदा शिरूरला तालुक्याची पाककृती स्पर्धा झाली. त्यात दगडाबाईच्या मटकीला दुसरा नंबर मिळाला. परीक्षक बाईंनी विचारलं, "एवढी मऊ कशी होते हो?" तर ही म्हणाली, "हाताचं हाय, बाई." ते प्रमाणपत्र घरात देवांच्या तसबिरीशेजारी लागलं. वाडीत कुणी आजारी पडलं, बाळंतीण झाली, कुणाचे दात गेले, की दगडाबाईच्या उसळीची वाटी त्या घरी जायची. तिला त्याचा फार अभिमान होता आणि तो तिनं कधी लपवला नाही.

तिचा नवरा मारुतराव पाटसच्या साखर कारखान्यात पॅनमन होता. उसाचा रस आटून त्याची साखर होते ती पॅन नावाच्या मोठ्या भांड्यात, आणि कुठल्या क्षणी पॅन रिकामा करायचा हे ठरवतो पॅनमन. काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन उजेडाकडे धरायचा, दाणा बघायचा आणि मान हलवायची, असं त्यानं एकतीस हंगाम केलं. यंत्रावर त्याचा विश्वास बेताचाच. मीटर काहीही दाखवू दे, दाणा डोळ्यांना पटला तरच खरा, अशा मताचा तो माणूस. बोलायला कमी, हट्टाला पक्का. बायकोच्या हाताच्या उसळीवर मात्र त्याचा फार जीव. निवृत्त झाला तेव्हा खालचे-वरचे मिळून अर्धे दात गेले होते, पण उसळ-भाकरी चुरून खाताना त्याला दातांची आठवण होत नसे.

त्या फेब्रुवारीत त्याचं डोकं धरायला लागलं. मानेपासून कानापर्यंत ठणके यायचे. शिरूरच्या डॉक्टरांनी हाताला पट्टा गुंडाळला, पुन्हा गुंडाळला आणि गंभीर झाले. वरचं एकशे चौऱ्याऐंशी, खालचं एकशे दहा. त्यांनी एक गोळी लिहून दिली, रोज सकाळी, न चुकता. मीठ निम्म्यावर आणा म्हणाले. लोणचं-पापड बंद. आणि जाताजाता म्हणाले, "जेवणात रोज वाटीभर कडधान्य असू द्या. मूग, मटकी, हुलगा, काहीही. त्यानंही बीपीला थोडा उतार पडतो. पण गोळीच्या जोडीला हं."

माणूस आपल्या मतलबाचं तेवढं ऐकतो, आणि दगडाबाई काही जगावेगळी नव्हती. मीठ, लोणचं, पापड हे सगळं तिनं ऐकलं खरं, पण ध्यानात राहिलं ते कडधान्य. एस्टीत बसल्याबसल्या ती नवऱ्याला म्हणाली, "बघा आता. ह्यो इलाज आपल्या घरचाच निघाला. तुमचं बीपी माझ्या हातानं उतरवते का न्हाई बघा."

मारुतराव खिडकीतून बाहेर बघत होता. तो म्हणाला, "गोळी येकदा लागली की सुटत न्हाई म्हनत्यात."

"सुटंल. मी सोडविते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं व्रत घेतल्यासारखं सुरू केलं. सोमवारी मटकी, मंगळवारी हुलग्याचं माडगं, बुधवारी चवळी. आदल्या संध्याकाळी भिजत घालायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, आणि मग अर्धा चमचा सोडा टाकून असं शिजवायचं की दाणा जिभेनं दाबला तरी विरघळावा. रोज सकाळी चहाबरोबर गोळीही ती स्वतः पाकिटातून काढून त्याच्या तळहातावर ठेवायची. महिन्यानं वाडीच्या उपकेंद्रातली शितल सिस्टर घरी आली. वाडीचीच लेक, तिला दोघं लहानपणापासून ओळखत. तिनं बीपी मोजलं तर एकशे अडतीस आणि शहाऐंशी.

"मामा, झकास," शितल म्हणाली. "गोळी लागू पडली."

"गोळी कशाची गं," दगडाबाई म्हणाली, "उसळ लागू पडली." आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी वाडीभर झाली. दगडाबाईनं नवऱ्याचं बीपी मटकीनं उतरवलं. चार बायका कशी करायची ते विचारायला आल्या. तिनं हौसेनं सांगितलं, सोड्याच्या मापासकट. त्या रात्री जेवताना मारुतराव वाटी पुढं करून म्हणाला, "आजून वाढ." एवढं बोलणंही त्याच्या मानानं पुष्कळ होतं.

मे महिन्यात शितल पुन्हा आली आणि पट्टा सोडताना तिचा चेहरा उतरला. एकशे बासष्ट. जूनमध्ये एकशे सत्तर. "मामा, गोळी घेताय ना?" तिनं विचारलं. मारुतराव काही बोलायच्या आत दगडाबाई म्हणाली, "माझ्या हातानं देते, रोजच्या रोज."

"आन् मीठ?"

"वरनं मीठ घ्यायचं कवाच बंद केलंय."

हेही खरंच होतं. ताटात मीठ वाढायचं तिनं बंद केलं होतं. शितलनं विचार केला आणि म्हणाली, "मग मामा बाहेर काही खात असतील. भजी, वडा, फरसाण." तेवढं पुरे होतं. दुसऱ्याच दिवशी दगडाबाई फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला जाऊन विचारून आली. तो बिचारा शपथेवर म्हणाला, की मारुतराव फक्त चहा घेतात, तोही अर्धा. तरी तिचं समाधान झालं नाही. घरी येऊन तिनं नवऱ्याला फैलावर घेतलं. "मी हितं मर मर मरते आन् तुम्ही चोरून खाता. काय खाता त्ये सांगा."

"काय खात न्हाई," मारुतराव म्हणाला. तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. तिला वाटलं, चोर सापडला. त्यानंतर दोन दिवस दोघांत अबोला होता.

मग तिनं ठरवलं, की आपलाच हात कुठंतरी कमी पडतोय. एकवेळची उसळ दोन्ही वेळा झाली. त्याच्या पोटात गॅस धरायला लागला, तर आणखी मऊ शिजवायची म्हणून सोडा वाढला. सोडा वाढला तशी चव आणखी मेली, मग मीठही वाढलं. रोज डोळ्यांत तेल घालून ती त्याच्या ताटाकडे बघत होती आणि तेच ताट त्याला आणखी खोलात ढकलत होतं. हे लिहितानाही जिवाला लागतं. पण तिला हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं आणि विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही. स्वयंपाकाचं कुणाला विचारायची तिच्यावर एकोणीस वर्षांत वेळच आली नव्हती.

हंगाम सुरू होताना कारखान्यात मोळी टाकायचा कार्यक्रम असतो. उसाची पहिली मोळी गव्हाणीत पडते, नारळ फुटतो, भोंगा होतो. निवृत्त झालेली माणसंही त्या दिवशी धुतलेले कपडे घालून जातात. त्या वर्षीही मारुतराव सकाळची एस्टी धरून पाटसला गेला. साडेअकराला शाळेच्या पडवीत दगडाबाई पातेलं उतरवत होती, तोच गुरुजींचा फोन वाजला. मारुतराव मंडपात उभ्याउभ्या कोसळला होता. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला होता, तोंड वाकडं झालं होतं. जुन्या सोबत्यांनी त्याला गाडीत घालून दौंडला नेलं होतं. दगडाबाईनं पातेलं झाकलं, मदतनीस बाईला "पोरांना वाढ" म्हणाली आणि हात न पुसताच निघाली. चौफुल्यापर्यंत एका दुधाच्या टेम्पोनं, तिथून हायवेच्या बसनं. वाटेत तिला एकच गोष्ट सुचत होती, की आज सकाळी त्यांनी उसळ अर्धीच खाल्ली होती, पुरती खायला हवी होती.

दौंडच्या दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या, वागायला सौम्य. जीव वाचेल म्हणाल्या, पण बोलणं आणि उजवं अंग कितपत परत येईल ते सांगता येत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "गोळी रोज घ्यायचे?"

"माझ्या हातानं देत होते."

"मग एवढं चढलं कसं? मीठ कुठून तरी जात असणार. जेवण काय असतं घरी?"

त्या परिस्थितीतही दगडाबाईच्या आवाजात थोडी ऐट आली. तिनं कडधान्यांची यादी सांगितली, भिजवणं, मोड आणणं सांगितलं, आणि दात नसलेल्या माणसालाही खाता यावी म्हणून किती मऊ करते तेही सांगितलं.

"एवढी मऊ? आपल्या बोअरच्या पाण्यात?"

"सोडा टाकते की."

"किती?"

दगडाबाईनं बोटांनी माप दाखवलं.  डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, मिठातलं जे बीपी वाढवतं ना, तेच सोड्यातही असतं. चमचाभर सोडा म्हणजे मीठच गेलं पोटात. वर तुम्ही मीठ घालतच असाल. तरी एकट्या सोड्यानं एवढं व्हायला नको होतं. दुसरंही काही कारण असेल."

शेवटची दोन वाक्यं दगडाबाईच्या कानांत शिरलीच नाहीत.  आपल्या उजव्या हाताकडे तिनं बघितलं, त्याला अजून सकाळच्या मटकीची हळद होती.

पंधरा दिवसांनी मारुतरावाला घरी आणलं. लेक सायली केडगावला दिलेली, ती आठवडाभर राहिली आणि आपल्या संसाराकडे गेली. दगडाबाईनं देवांच्या शेजारचं प्रमाणपत्र काढून पेटीमागं उभं करून ठेवलं. शाळेत जाऊन गुरुजींना म्हणाली, "उद्यापासनं दुसरी बाई बघा. आन् पोरांच्या उसळीत सोडा टाकू दिऊ नका."

गुरुजींनी फार समजावलं. चुकून झालं, वाडीत सगळेच टाकतात, मुद्दाम कोण करतं, आता बिनसोड्याची करा. ती ऐकून घेत राहिली. शेवटी म्हणाली, "ज्या हातानं नवऱ्याला घालवायचं बाकी ठिवलं, त्यो हात पोरांच्या पातेल्यात घालू व्हय?" 

त्यानंतर ती घराबाहेर पडायची ती पाण्यापुरती. न्हावऱ्यात फिल्टरचं पाणी मिळतं, पाच रुपयांचं नाणं टाकलं की कॅन भरतो. दीड मैल चालत जाऊन ती तो कॅन आणायची आणि त्याच पाण्यात, सोड्याशिवाय, मंद जाळावर तीन-तीन तास मूग शिजवायची. मऊ व्हायचे ते. एवढं सोपं होतं, आणि ते आपल्याला आधी का सुचलं नाही, ह्या विचारानं ती चुलीपुढं रडायची. नवऱ्याला भरवताना मात्र रडायची नाही. एकदाच, त्याचं तोंड पुसता पुसता तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. "म्या केलं ह्ये. सोड्यानं केलं. माझ्या हातानं तुमाला घातलं."

मारुतरावानं डावा हात जोरात हलवला. त्याच्या तोंडून आवाज आला, शब्द आला नाही. कळत त्याला सगळं होतं, फक्त जीभ वळत नव्हती. त्या दिवसापासून तो रोज कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीकडे बोट दाखवायला लागला. त्या पेटीत त्याचे कारखान्यातले कपडे होते, निरोप समारंभाची शाल होती, गमबूट होते. दगडाबाईनं पेटी उघडून शाल त्याच्या अंगावर घातली. त्यानं ती ढकलून दिली. तिनं कारखान्यातले कपडे दाखवले, त्यानं मान फिरवली आणि डोळ्यांतून पाणी काढलं. बिचाऱ्याला कारखाना आठवतोय, असं समजून तिनं पेटी लावून टाकली. हे असं दोन महिने चाललं.

जानेवारीतल्या एका दुपारी ती कॅन घेऊन आली तर खाट रिकामी. मारुतराव पेटीपुढं जमिनीवर बसला होता. डाव्या हातानं अंग ओढत तो तिथवर गेला होता, कोपर सोलवटलं होतं. एक गमबूट आडवा पडला होता, त्यातून काढलेल्या रुमालाची गाठ त्यानं दातांनी सोडवली होती, आणि त्याच्या पुढ्यात जमिनीवर पांढऱ्या गोळ्या सांडल्या होत्या. साबुदाणा सांडावा तशा. शे-दोनशे तरी असतील.

"ह्या कुठल्या?" तिनं विचारलं आणि विचारतानाच तिनं त्या ओळखल्या. आठ महिने तिच्याच बोटांनी त्या एकेक करून पाकिटातून निघाल्या होत्या.

मारुतरावानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी," तो म्हणाला. आजारानंतरचा तो त्याचा पहिला स्वच्छ शब्द. मग बराच वेळ ओठ झगडत राहिले. "मी... न्हाई... खाल्ल्या."

दगडाबाई त्याच्यासमोर खाली बसली. आधी तिला राग आला, आणि तो साधासुधा नव्हता. तीन महिने तिनं पाप डोक्यावर घेतलं होतं, शाळा सोडली होती, शेजारणींना तोंड दाखवलं नव्हतं. आणि हा माणूस रोज सकाळी तिच्यासमोर चहाचा घोट घेऊन गोळी गिळल्यासारखी करत होता. तिला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. "का वो? का आसं केलंत? कुनी सांगितलं हुतं?"

मारुतरावानं चुलीकडं बोट दाखवलं. मग तेच बोट तिच्या हातावर आणून ठेवलं. घामानं त्याचं कपाळ भिजलं होतं. "उसळ," तो म्हणाला. पुन्हा थांबला. "उसळीनं... उतारलं. मंग... गोळी... कशाला." आणि मग, एकेक अक्षर ओढून आणत, "तुज्या... हातावर... भरवसा."

पुढं जीभ आणखी सुटल्यावर त्यानं बाकीचंही तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. पहिला महिना त्यानं गोळ्या इमानानं घेतल्या होत्या. बीपी उतरलं, बायको म्हणाली उसळ लागू पडली, आणि त्याला ते पटलं. दिवाळीला सगळ्या गोळ्या तिच्यापुढं ओतून तो म्हणणार होता, की बघ, ह्यातली एकही खाल्ली नाही, हे सगळं तू केलंस. मध्ये बीपी चढलं तेव्हा त्यानं यंत्रावर विश्वास ठेवला नाही. पुढं ठेवावासा वाटला, तेव्हा तिला काय सांगायचं ते कळेना.

पण हे नंतरचं. त्या दुपारी तेवढे दहा-बारा शब्द बोलून तो दमला आणि अर्ध्या चेहऱ्यानं तिच्याकडं बघून हसला. बायकोच्या डोक्यावरचा दोष आपण उतरवला, असं त्याला वाटत होतं. दगडाबाईला ते हसणं बघवेना. सोड्याचं तिला माहीत नव्हतं, ते ती कधी ना कधी स्वतःला माफ करू शकली असती. पण "गोळी कशाची, उसळ लागू पडली" हे तिनंच म्हटलं होतं, ठासून, चारचौघांत, आणि त्यानं ते गोळीच्या जागी घेतलं होतं. तिनं पदर तोंडाशी धरला आणि मोकळेपणानं रडून घेतलं. तो डाव्या हातानं तिची पाठ चोळत राहिला.

मग ती उठली. सांडलेल्या गोळ्या केरसुणीनं गोळा करून केरात टाकल्या. नवऱ्याला काखेत हात घालून खाटेवर चढवलं. त्याची सकाळची गोळी राहिली होती. दौंडहून आल्यापासून गोळीच्या वेळा ती सांभाळत होती, पण आज पाण्यासाठी घाईनं निघताना तिनं ती तांब्याजवळ नुसती ठेवून दिली होती. ती तिनं त्याच्या जिभेवर ठेवली, फुलपात्रातलं पाणी पाजलं आणि त्याच्या कंठाकडं बघत उभी राहिली.

"तोंड उघडा."

त्यानं उघडलं.

"जीभ वर करा."

त्यानं केली. तिनं गालफडांतून बोट फिरवून बघितलं. गोळी गेली होती.

"रोज आसंच बघनार," दगडाबाई म्हणाली. "सोमवारपासनं शाळंत बी जाते, फिल्टरचं पानी आन् चुलीवर तीन तास, सोडा न्हाई. पर आदी ही गोळी. आन् येक ऐका माझं. हितनं फुडं माझ्या हातावर भरवसा ठिवायचा न्हाई."